मातीच्या वेळेवरची जाहिरात

आमच्या गोंदियात कोणी गेलं की लोक आधी माझं पान उघडतात. जवळच्या मुर्री गावात घरी बसून मी मोबाइलवर जिल्ह्याच्या बातम्या टाकते. पण नाल्यांच्या नि नेत्यांच्या बातम्या काळं कुत्रं वाचत नाही. वाचतात ते निधन वार्ता.

जाहिरात मी आधी पानाच्या अगदी तळाशी लावायची. कमाई काय, तर रिचार्जही निघेना. जाहिराती देणारा पोरगा फोनवर म्हणाला, "रिंकी मॅडम, नीचे तक कौन जाता है? जिथं बोट थांबते तिथं टाका ना." बोट कुठं थांबतं ते मला कोणी सांगायला नको होतं. नाव वाचलं, फोटो पाहिला, की लोक मातीची वेळ शोधतात. मग 'अंत्यसंस्कार' या शब्दाच्या खाली नि वेळेच्या वर मी जाहिरात घुसवली. महिन्याभरात कमाई चौपट! फ्रिज घेतला मी त्यातून. तेव्हा लाज कुठं गेली होती कोण जाणे.

मंगळवारी शेजारची सुखवंताकाकू गेली. तिच्या पोरानं, गुड्डूनं, मजकूर दिला: अंत्यसंस्कार दुपारी बारा वाजता. "दरेकशाच्या धनलालमामाला कळवलं का?" मी विचारलं.

"कायले?" तो फणकारला. "वाटणीवरून भांडून गेला तो गेला. बहिणीच्या दारात पाय नाही ठेवला त्यानं."

मी बातमी टाकली.

बाराला काकूला नेलं. माहेरचं लुगडं आणणारं कोणी नव्हतं, म्हणून गुड्डूच्या बायकोनं बाजारातून एक मागवलं नि तेच तिच्या अंगावर टाकलं. फार वाईट वाटलं.

चार वाजता आम्ही अंगणात बसलो होतो, तर धनलालमामा आला. हातात पिशवी, पिशवीत कोरं लुगडं. "बहिणीचं तोंड पाहू द्या मले," म्हणाला. काकूला बारालाच नेलं, हे गुड्डूनंच सांगितलं.

मामा पेटलाच. "पाचची वेळ देऊन बाराले उरकलं? मी येईन म्हणून?"

"पाच कोणी सांगितलं? उगाच खोटं बोलून राहिले तुम्ही!"

दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. मामानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "तू सांग, पोरी. तुझंच पान हाये ना?"

मी पाहिलं. दरेकशाच्या पहाडात नेटवर्कची बोंब. जाहिरातीतलं फर्निचरच्या दुकानाचं चित्र उघडलंच नव्हतं, त्याच्या लकी ड्रॉची तेवढी ओळ उमटली होती. अंत्यसंस्कार, आणि खाली ठळक अक्षरात: आज सायंकाळी ५ वाजता. बाराची खरी वेळ चित्राच्या रिकाम्या चौकोनानं पार पडद्याखाली ढकलली होती.

गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मामा-भाचे जन्मभर एकमेकांना खोटं म्हणत राहिले असते, बस. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मामा, गुड्डूनं बाराच लिहून दिलं होतं," मी म्हटलं. "पाच वाजता त्या दुकानाचा ड्रॉ आहे. पैशासाठी ती जाहिरात मीच मातीच्या वेळेवर लावली."

मामा शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं पिशवीतून लुगडं काढलं नि घडी न मोडता माझ्या हातात ठेवलं.

"मंग तूच सांग, पोरी," तो म्हणाला, "आता हे कोणाच्या अंगावर टाकू?"