चौथा डूल

"तीन थे. मैं अंधी नहीं. तीन थे, ये चौथा किधर से आया?"

एमिने स्वतःशीच पुटपुटत होती. पण बहरीनमधल्या, मनामातल्या तिच्या दुकानात गालिच्यांच्या चळतींमधून दोन बायका कशाबशा बसतील एवढीच जागा, त्यामुळे पुटपुटणंही थेट कानात शिरे. नूरबानोने मान वर केली नाही. सुई मात्र थांबली.

एमिने तुर्कस्तानातल्या एका खेड्यातली. बहरिनी नवऱ्याबरोबर इथे आली आणि माहेरकडचे जुने किलीम मागवून विकू लागली. किलीम म्हणजे तिकडची सतरंजीच, पण नक्षीने भरलेली. कसर लागलेले, जळलेले किलीम पुन्हा विणून सांधायचे हे नूरबानोचं काम. दापोलीकडच्या गावात गोधड्या शिवणारा तिचा हात इथे असा बसला होता, की सांधा शोधायला एमिनेला चष्मा लागे.

आज चष्म्याशिवाय दिसला. काठाच्या जळक्या तुकड्यात तीन लाल डूल होते. नूरबानोने चार विणले होते.

डुलाचा अर्थ तिला पहिल्याच वर्षी एमिनेने सांगितला होता. कमरेवर हात ठेवलेली बाई म्हणजे आई. मेंढ्याचं शिंग म्हणजे कर्ता पुरुष. आणि डूल? लग्नात मिळतात ते. गावातली मुलगी बापाला तोंडाने कसं सांगणार? ती किलिमात डूल विणते. बाप बघतो, न बघितल्यासारखं करतो आणि आठवड्याभरात मुलगा शोधायला निघतो.

"पाँच साल में तेरा गलती नहीं हुआ," एमिने म्हणाली. "कौन है?"

"कोणी नाय."

एवढं मराठी एमिनेला कळत होतं, आणि त्यातलं खोटंही.

नूरबानो छत्तीस वर्षांची होती. तिचा भाऊ कमाल याची मुलगी इक्रा चाळीस दिवसांची असताना ती इथे बुसैतीनला त्याच्या घरी आली, कारण खदिजाभाभीला इस्पितळात शिफ्टवर परत जायचं होतं. यायचं ठरलं ते दोन वर्षांसाठी. इक्रा आता नऊ वर्षांची झाली, पण त्या दोन वर्षांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. कोण काढणार? वेळेवर डबे होत होते, इस्त्री होत होती. इक्रा शाळेत जायला लागल्यापासून सकाळच्या वेळात नूरबानो एमिनेकडे येई, एवढाच काय तो बदल.

परवा जेवताना इक्राच म्हणाली, "फुप्पी, उबेद अंकल वॉन्ट्स टू मॅरी यू. पप्पा सेड इंशाल्ला."

ताटातल्या बांगड्याचे काटे काढण्यात सगळे एकदम गुंतले. त्या घरात इंशाल्ला म्हणजे 'बघू', आणि बघू म्हणजे नाही, हे नूरबानोला पक्कं ठाऊक होतं. उबेद इथल्याच अरादमध्ये राहणारा, पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. चार वर्षांपूर्वी बायको गेली. ईदला आला की इतर पुरुष टीव्हीपुढे बसत, हा नूरबानोला विचारी, "बाई, तुमचा जेवण झाला काय?" तेवढंच. आणि उद्या तो विमानाने गावी चालला होता; खेडला त्याच्या आईने मुलगी बघून ठेवली होती.

"गिऱ्हाईक शाम को आएगा," एमिने हळूच म्हणाली. कात्री तिने पुढे सरकवली, पण स्वतः काही कापलं नाही.

नूरबानोने चौथा डूल उसवला. विणायला दोन दिवस लागले होते, उसवायला अर्धा तास पुरला. ताण्याचे उघडे धागे दिसू लागले आणि तिला एकाएकी बसवेना. लोकरीने सांगायची सोय संपली होती. शिवाय वाचायला बाप कुठे होता? भाऊ होता, आणि त्याला किलीम आणि पायपुसणं यात फारसा फरक वाटत नसे.

एक वाजता बाहेर हॉर्न वाजला. गुरुवार, कमालच्या ऑफिसला अर्धी सुट्टी.

"यल्ला, बस लवकर, हितं पार्किंग नाय," तो काचेतून ओरडला. शेजारी खदिजाभाभी पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. "मला दोनची शिफ्ट हाय, नूर. इक्राचा गणित घे हां. नि फ्रीजरातली मच्छी काढ."

नूरबानोने मागचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"दादा, उबेदने काय विचारलान तुला?"

"कोण उबेद?"

"किती उबेद येतात आपल्याकडे बिर्याणी खायला?"

"बस आधी. घरी बोलू."

"घरी नऊ वर्षं बोलतोच हाव. मला त्याच्याशी लगीन करायचाय. तो उद्या चाललाय."

मागच्या टॅक्सीने हॉर्न दिला. खदिजाभाभी आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिली.

"बिजवर हाय तो," कमाल म्हणाला. "हात बघितलेस त्याचे? कायम ग्रीसमधे."

"बघितलेत. म्हणूनच सांगतंय."

टॅक्सीवाला आता अरबीत काहीतरी ओरडत होता. कमालने चावी फिरवून इंजिन बंद केलं. भर रस्त्यात. बहिणीकडे बघायचं त्याला जमेना. तो पुढच्या काचेशी बोलावं तसा बोलला.

"माणूस चांगला हाय, नूर. त्याच्यात खोट नाय. तू गेलीस तर आमचा घर कोण चालवील, म्हणून मी त्याला हो म्हटला नाय."