अंतराळवीराच्या टोपातला दिवा

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण बहुधा मला पाहूनच कुणीतरी केली असावी. भिलाईच्या कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. पॅनलवरचे लाल-हिरवे दिवे दुरुस्त करणं हे माझं काम. त्यामुळे आमच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, कुणाचा रेडिओ नुसता खरखरला तरी मी न बोलावता हजर. तो पुरता बिघडवल्याशिवाय मी घरी येत नाही, असं माझी बायको लतिका म्हणायची. तिचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचो. शहाऐंशीच्या हिवाळ्यात मात्र ते जमलं नाही.

शेजारचे देवरावभाऊ भट्टीवर सत्तावीस वर्षं काढून निवृत्त व्हायच्या बेतात होते. त्यांच्याबरोबर काम केलेला एक रशियन इंजिनीअर मायदेशी जाताना त्यांना एक खोका देऊन गेला होता. त्यात प्लास्टिकचे सुटे भाग होते. ते जोडले की वीतभर उंचीचा अंतराळवीर उभा राहायचा. भाऊंनी दिवाळीपासून रोज थोडा थोडा करत, डोळ्याला भिंग लावून तो जोडला आणि रंगवला. त्या रशियनाचा पत्ताही त्यांच्याकडे नव्हता. दोस्ताची म्हणून एवढीच एक वस्तू उरली होती.

"सूर्यकांत," भाऊ एका सकाळी तो घेऊन आले, "याच्या टोपात न्हानसा दिवा बसंन का? चेहरा दिसला पायजे."

"भाऊ, हा तर माह्या डाव्या हाताचा मळ हाय!"

ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा एलईडी मी मिळवला. पायाखालच्या ठोकळ्यात दोन पेन्सिल सेल, पायातून वर चढवलेल्या दोन बारीक तारा आणि टोपात दिवा. डोक्यात सगळं चोख होतं. सुटीच्या दिवशी दुपारी कामाला बसलो. तारा आधी बाहेर जोडायच्या आणि मग दिवा आत सरकवायचा, ही साधी रीत. मी दिवा आधी आत बसवला आणि नंतर तारांना सोल्डरिंगचा डाग द्यायला गेलो. तेही पॅनलच्या जाड तारांसाठी असते त्या पासष्ट वॉटच्या आयर्ननं. बारीक आयर्न मागून आणायचा कंटाळा केला, दुसरं काय!

दिवा लागला. मी लतिकाला हाक मारणार, तेवढ्यात अंतराळवीराचा एक गाल खाली ओघळला. पाहता पाहता नाक हनुवटीवर आलं.

इथवर ती नुसती चूक होती. भाऊंना खरं सांगितलं असतं तर ते दोन दिवस हळहळले असते आणि विषय संपला असता. पण मी पुतळा मोरीत नेला आणि फरशीवर आपटला. वितळल्याचं कळू नये म्हणून. संध्याकाळी भाऊ आले तेव्हा म्हणालो, "गयाबाईनं झाडता झाडता टेबलावरून पाडला."

गयाबाई आमच्या दोन्ही घरी कामाला होती. तिचं नाव माझ्या तोंडातून इतकं सहज निघालं, की आजही स्वतःची किळस येते.

भाऊंनी चेहऱ्याचा तुकडा उचलला. त्याच्या कडेवरून बराच वेळ अंगठा फिरवला. "तिले काई बोलू नको," एवढंच म्हणाले आणि तुकडे रुमालात बांधून घेऊन गेले.

पण लतिकानं आतून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं गयाबाईला दारातच गाठलं.

"मैं तो ओला छुए घलो नइ अंव, बाई!" गयाबाई म्हणाली. मी तर त्याला हातसुद्धा लावला नाही, हेच ती परत परत सांगत राहिली.

"ऊपर से झूठ बोलती है? कल से मत आना!"

मी खुर्चीवर पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरून बसलो होतो. गयाबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

चार दिवस गेले. भाऊंकडे ती अजून येत होती. भिंतीपलीकडून तिच्या भांडी घासण्याचा आवाज आला की माझा घास तोंडात फिरायचा. खाई त्याला खवखवे! पाचव्या दिवशी उठलो आणि भाऊंकडे गेलो. ते तुकडे चिकटवत बसले होते.

"भाऊ, तो पुतळा... गयाबाईनं नाही पाडला. माह्या हातून..."

"वितळला," भाऊ म्हणाले. "सत्तावीस वर्षं भट्टीपुढं काढली मी. फुटलेलं कोणतं अन् वितळलेलं कोणतं, हे मले वळखू येत नाही का?"

"मंग तवाच बोलले कावून नाही?"

"तू सोताहून बोलशील म्हणून वाट पाहून राहिलो होतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "लतिकाले सांगतलं का?"

"नाही अजून."

"मंग इथं कायले आला?"

घरी आलो. लतिका स्वतःच झाडत होती. बाई नव्हती ना. चपला न काढताच मी सगळं एका दमात सांगून टाकलं. आयर्न, मोरी, गयाबाईचं नाव. आता ती पुतळ्यावरून ओरडेल, मला वेडावेल, असं वाटलं. तिनं ओरडावं अशी माझी फार इच्छा होती.

तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"मी तिले दारात एवढं बोलून राहिली होती," ती हळूच म्हणाली, "तवा तुम्ही कुठं होते?"

मी कुठं होतो ते तिला माहीत होतं. तरी तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"तिथंच," मी म्हणालो. "खुर्चीवर."