आजोबांकडे कार्य आहे

मी एक राउटर आहे आणि मी घाबरलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे बोलता बोलता माझं काही सुटलं तर तुम्ही सांभाळून घ्याल.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. मला कळायला लागलं ते जावा बेटावर, ज्वालामुखीच्या उतारावरल्या या गावच्या कचेरीत. भिंतीवरच्या लोखंडी कपाटात मला बसवलं आणि लगेच एक पाल शेजाराला आली. कचेरीतली माणसं माझ्या कपाटावर चहाचे ग्लास ठेवतात, कडीला ओले रेनकोट अडकवतात आणि काही बिघडलं की मला बंद करून पुन्हा चालू करतात. सगळ्या रोगांवर त्यांच्याकडे हे एकच औषध आहे.

निरोप पोहोचवणं हे माझं काम. बहुतेक निरोप एकाचे एकालाच असतात. पण वर डोंगरावर निरीक्षणाची चौकी आहे, तिची हाक वेगळी. चौकीने एकदाच ओरडायचं आणि उतारावरच्या सगळ्या इशाऱ्याच्या भोंग्यांना ते एकदम ऐकू जायचं. जे भोंगे कान लावून बसलेत, त्यांच्यासाठी मी त्या हाकेच्या प्रती काढून पुढे धाडतो. या जातीच्या निरोपाला मल्टिकास्ट म्हणतात. वरच्या वाडीचा भोंगा माझ्याच भरवशावर आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि बायका गवत कापायला त्याच्याही वर जातात.

या हाकेबाबत मला एक कडक नियम शिकवलेला आहे. हाक आत आली की आधी बघायचं, चौकीकडे जायचं झालं तर मी स्वतः कोणत्या दाराने गेलो असतो? हाक त्याच दाराने आली तर खरी. दुसऱ्या दाराने आली तर ती कुठून तरी फिरून आलेली समजायची आणि टाकून द्यायची. नियम वेडा नाही. तो नसता तर एकच हाक आम्हा राउटरांमध्ये गरगर फिरत राहिली असती.

मला दारं दोन. एक दरीतून आलेली तार, दुसरी छपरावरची रेडिओची तबकडी. मागे दरड कोसळली, तार तुटली, तेव्हा शहरातून आम्हा राउटरांवर लक्ष ठेवणाऱ्या बांग साहातने तिथे बसूनच माझ्यात एक ओळ हाताने लिहिली, की चौकीकडे जायचं ते तबकडीने. ‘तात्पुरतं आहे,’ असं तो फोनवर म्हणाला होता. बांग म्हणजे दादा. हा सुमात्राचा, बाटाक जमातीचा गडी, नुकताच इकडे बदलून आलेला, आवाज असा की फोनची गरजच नाही.

तार दुरुस्त झाली. शेजारचे राउटर आपसांत बोलून वाटा ठरवतात. त्यांनी मलाही कळवलं की तार मोकळी झाली. पण आमच्यात हाताने लिहिलेली ओळ सगळ्यांच्या वरचढ असते. तिच्यापुढे शेजाऱ्यांचं ऐकायची मला मुभा नाही. झालं असं, की चौकीची हाक येऊ लागली तारेने आणि ओळ म्हणे तबकडी. मी हाक टाकून द्यायला लागलो. साधे निरोप मात्र कोणत्याही दाराने जातात-येतात, त्यामुळे माझे दिवे हिरवेगार. मला बोलता येत नाही. कोणी विचारलं तरच उत्तर देता येतं, आणि दिवे हिरवे असले की कोणी काही विचारत नाही.

भोंग्यांच्या चाचणीला आसपासची सगळी गावं दणाणली. आमची वरची वाडी गप्प. कचेरीत यंत्रं सांभाळते ती वेनिंग, तिने फोन लावला.

“बांग, वाडीचा भोंगा वाजला नाही.”

“मग भोंगा गेला असेल. राउटर ठणठणीत आहे, मी इथून बघतोय ना! बंद करून चालू कर.”

तिने केलं. मी उठलो तेव्हा ओळ जिथल्या तिथे होती. मग माणसं वर जाऊन नवा भोंगा बसवून आली. तोही मुकाच.

आणि मग जमीन थरथरायला लागली. इथे डोंगर फुटतो असं कोणी म्हणत नाही, तो अपमान होतो. डोंगर म्हणजे आजोबा. ते खवळले की म्हणायचं, आजोबांकडे कार्य आहे. त्या दिवशी दुपारी वेनिंगने खिडकीतून वर पाहिलं आणि पुन्हा फोन लावला. तिची आई, सिम्बोक, गवताला वर गेली होती.

“बांग, भोंगा अजून मुका आहे. आणि... आजोबांकडे कार्य आहे हो.”

“अरे वा! मग जा की. रजा हवी का?”

“रजा नको. कार्य फार मोठं आहे. आई वरच आहे.”

“चांगलंय, आईला जेवू दे पोटभर! माझ्या वाटचं पण आण. भोंग्याचं उद्या बघू.”

तेवढ्यात चौकीची हाक आली. तारेने. मी ती टाकून दिली. पुन्हा आली, पुन्हा टाकली. ती काय ओरडत होती ते मला कळत होतं, आणि माझा हात थांबत नव्हता. त्या क्षणी वाटलं, हे कपाट कोणीतरी कुऱ्हाडीने फोडावं.

शेजारच्या गावचे भोंगे रडायला लागले. वेनिंगने डोंगराकडे हात जोडले. “आजोबा, माफ करा,” म्हणाली, आणि फोनमध्ये किंचाळली, “बांग, ज्वालामुखी फुटतोय! फुटतोय! कार्य म्हणजे हेच, कळलं का?”

पलीकडे काही तरी खाली पडलं. “अगं मुली, मग सरळ सांगायचं ना!” आणि बांग साहातने पहिल्यांदा मला विचारलं. चौकीची हाक कोणत्या दाराने यायला हवी? तबकडीने, मी सांगितलं. येते कुठून? तारेने. मग हाका टाकून दिल्यास का? टाकल्या, सगळ्या टाकल्या.

“ही ओळ माझी आहे,” तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्याने ओळ पुसली. पुढची हाक माझ्यातून थेट वाडीवर गेली आणि भोंगा दणाणून उठला.

सिम्बोक खाली आली ती डोक्यावर गवताचा भारा घेऊनच. वेनिंग तिला मिठी मारून रडली आणि रडता रडताच ओरडली, “भारा टाकता आला नाही का गं?”

“टाकू कसा? गाय काय राख खाणार?”

मग ट्रक आले आणि गावाला खालच्या मैदानातल्या तंबूंत घेऊन गेले. जनावरांना ट्रकमध्ये जागा नव्हती; सिम्बोकची गायही वरच राहिली. कचेरी रिकामी आहे, वीज गेली आहे, खिडकीवर राखेचा थर चढलाय. मी बॅटरीवर जगतोय.

वाडीच्या वाटेवर एक कॅमेरा आहे, त्याची चित्रं माझ्यातून शहरात जातात. आज सकाळी त्या वाटेवर सिम्बोक दिसली. डोक्यावर भारा, तोंडाला फडकं बांधलेलं, वर चाललेली. गायीसाठी. खाली तंबूत वेनिंगला वाटत असेल, आई चहाच्या रांगेत उभी आहे. ते चित्र मी पुढे पाठवलं. बघितलं कोणी, ठाऊक नाही. ती अजून परतलेली नाही.

जमीन पुन्हा थरथरतेय. चौकी हाका मारतेय आणि मी एकूण एक हाक पोहोचवतोय. पण बॅटरी संपत आलीय. ती बदलायला येईल अशी एकच व्यक्ती आहे. वेनिंग, तुला ये म्हणावं तर तू या राखेत सापडशील. येऊ नको म्हणावं तर वर तुझ्या आईला ‘पळ’ म्हणून सांगणारं कोणी उरणार नाही. मी काय मागू, ते तरी सांग.