तिसऱ्या ओळीची घसरण

पर्यटकांसाठी जुन्या वसाहतीसारख्या ठेवलेल्या आमच्या नदीकाठच्या संग्रहालय-गावात साल सतराशे चाळीस आहे आणि इंग्लंडच्या राजाचा अंमल अजून चालू आहे असे धरूनच सगळे चालते. दर रविवारी तिथल्या प्रार्थनाघरात स्तोत्र ‘ओळ देऊन’ गातात. सगळ्यांकडे पुस्तके नसत त्या काळची ही रीत. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती ज्याच्या-त्याच्या गतीने ओढत गायची. ऐकणाऱ्याला वाटावे, गोठ्यातली गुरे वेगवेगळ्या वेळी जागी झाली आहेत.

ओळ द्यायचे माझे बाबा, विन्स्लो पेक. त्यांना एक खोड होती. तिसऱ्या ओळीला ते मूळ चाल सोडून भलत्याच चालीत शिरत. अर्धी मंडळी त्यांच्यामागे जात, उरलेली ऑरिन टटल यांना धरून पहिल्या चालीत राहत. ऑरिनकाका बाबांचे जन्माचे मित्र आणि रविवारचे शत्रू.

“विन्स्लो, चाल कुठे सांडून आलास?”

“सांडली नाही रे. त्या काळी अशीच घसरायची. जुन्या पाळकांनी तक्रारी लिहून ठेवल्यात.”

“तक्रारी केल्यात. शिफारस नाही.”

बाबा मार्चमध्ये गेले. प्रार्थनाघरात फोन किंवा कॅमेरा काढलेला त्यांना खपत नसे, त्यामुळे त्यांचे गाणे कुठेच टिपलेले नाही. दफनाच्या वेळी सगळे अगदी एका चालीत गायले. मला ते सहन झाले नाही.

उन्हाळ्यात संचालिका लॅथ्रप बाईंनी नवे ऐकण्याचे दालन काढायचे ठरवले. लोहाराचा घण, मेंढ्या, सभेला बोलावणारा ढोल आणि त्यामागोमाग स्तोत्र, सगळे तिथे कायम वाजत राहणार होते. ओळ मी द्यावी असे त्यांनी सुचवले. माझा आवाज बाबांसारखा जाड आहे.

“बाईनं ओळ दिलेली त्या काळी चालली नसती,” ऑरिनकाका म्हणाले.

“रेकॉर्डिंगमध्ये मिशा दिसत नाहीत, टटल.”

“मिशा त्या काळी पुरुषांनाही नव्हत्या, बाई.”

लॅथ्रप बाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. “आणि ती घसरण नको, हेट्टी. तुझ्या वडिलांबद्दल मला आदर आहे. पण दालनात लोक एकदाच ऐकतात. त्यांना ते नीट ऐकू येऊ दे.”

मी मान हलवली. माझ्या मनात होते ते नेमके उलटे. बाबांचा आवाज मिळणार नव्हता, निदान त्यांची घसरण तरी राहावी. पण ती मुद्दाम करायची तर बाबांसारखा निर्लज्जपणा हवा. तो माझ्यात नव्हता.

ठरल्या दिवशी ऑरिनकाकांनी दारात ढोल वाजवला आणि आत येऊन हातात दंड घेतला. दंडाच्या एका टोकाला लाकडी गोटी, दुसऱ्याला कोल्ह्याचे शेपूट. प्रवचनात पेंगणाऱ्याला जागे करायचे ते पुरुषाला गोटीने आणि बाईला शेपटाने, असा जुना कायदा. मी व्यासपीठाखालच्या बाकापाशी, बाबांच्या जागी उभी राहिले. मंडळी थांबली. मी तोंड उघडले, पण ओळ निघेना.

मानेवरून काहीतरी मऊ, केसाळ फिरले. मी दचकले आणि ओळ तोंडातून निसटली, ती फार वरच्या पट्टीत. मागे कोणीतरी कण्हले. बाबाही अशीच चढी पट्टी लावत आणि सगळ्यांचे गळे ताणून काढत.

दुसरी ओळ पार पडली. तिसरी मी सरळ दिली, सांगितल्याप्रमाणे. तेवढ्यात माझ्या पाठीमागून एक घोगरा आवाज शांतपणे दुसऱ्याच चालीत निघाला. मी वळून पाहिले. ऑरिनकाका छताकडे बघत गात होते. अर्धी मंडळी त्यांच्यामागे गेली. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मला पहिली चाल सोडता येईना. मी ती दात-ओठ खाऊन धरून ठेवली.

“टटल, तुम्हीसुद्धा?” लॅथ्रप बाईंनी कानांवरचे हेडफोन काढले.

“वय झालं, बाई. पुन्हा घेऊ.”

पुन्हा घ्यायचे म्हणजे आधी ढोल, कारण बाईंना ढोल आणि गाणे सलग हवे होते. काका म्हणाले की दमट हवेत कातडे सैल पडले आहे, शेकावे लागेल. ते पाकघराच्या चुलीपाशी गेले आणि तिथल्या स्वयंपाकिणीने दिलेली मक्याची भाकरी खात बराच वेळ शेकत बसले. परत आले तेव्हा ढोल खणखणीत वाजला. या वेळी सगळे एका चालीत, सुरात, दफनाच्या दिवशी गायले तसेच गायले. लॅथ्रप बाईंनी डोळे मिटले. शेवटच्या ओळीवर नदीपलीकडून पर्यटकांच्या वाफेच्या गाडीची लांब शिटी आली. राजाच्या अंमलात शंभर वर्षे आधीच पोचलेली गाडी.

“तुम्हाला गाडीची वेळ माहीत नव्हती?” बाईंनी विचारले.

“मी सतराशे चाळीसमध्ये राहतो. गाडी म्हणजे काय?”

“तिसऱ्यांदा घेऊ. आत्ताच.”

काका ढोल घेऊन पुन्हा चुलीकडे गेले. थोड्या वेळाने तिकडून फाट असा आवाज आला. कातडे उभे चिरले होते.

“जास्त शेकलं गेलं,” ते दारातून म्हणाले. चेहरा अगदी दफनाला होता तसा गंभीर.

लॅथ्रप बाई फाटक्या ढोलाकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटले, आणि ते त्यांना आवरता येईना. नवे कातडे चढवायला आठवडे लागणार होते आणि दालनाची तारीख छापून झाली होती. पहिल्या खेपेचेच गाणे दालनात ठेवावे लागले.

दालन उघडले त्या दिवशी मी मागच्या कोपऱ्यात उभी होते. तिसऱ्या ओळीला पाहुणे एकमेकांकडे बघून हसू लागले. ऑरिनकाका दंड घेऊन माझ्याशेजारी आले.

“तू फारच ताठ गायलीस, पोरी.”

“चाल धरून होते, काका.”

“वैतागाचं काम आहे, नाही? मी जन्मभर केलं.”

त्यांनी डोळे पुसायला खिशात रुमाल शोधला. तो सापडेना, तेव्हा मी त्यांच्या हातातला दंड उलटा करून शेपूट पुढे केले.