कापराचं तेल

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा खाली ठेवा. एक गोष्ट सांगतो, मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही म्हणून जवळ बोलावलं. देवाच्या दारातलीच आहे, दोन माणसांची आणि एका वीणेची.

कृष्णातनं उजवा पाय उचलून डाव्यावर भार दिला, मग डावा उचलून उजव्यावर. दत्तजयंतीच्या सप्ताहातली भर दुपार होती. गळ्यात वीणा, मुखी नाम. त्या गावात सप्ताह बसला की उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही. एक जण उभा राहून ती छेडत असतो. त्याची पाळी सरली की दुसरा येतो, त्याच्या पायांवर डोकं ठेवतो, दोन्ही हात पुढं करतो आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. हात पुढं करणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि हात पुढं झाल्याशिवाय वीणेकरी जागा सोडत नाही. दुपारची पाळी कृष्णातच्या घराची, वडलांपासूनची.

आधी मांडीत मुंग्या आल्या. मग ओलं धोतर पिळावं तशी मांडी आतून पिळून निघाली. खांबाला धरावं म्हणून त्यानं हात लांबवला, तोवर गुडघे मिटले होते. वीणेचा भोपळा सतरंजीवर टेकला. आवाज फार झाला नाही. पण सगळ्यांनी ऐकला.

पहिल्या रांगेतून जोतीराम उठला. फौजेतून सुभेदार होऊन गावी आलेला हा कृष्णातचा शाळेपासूनचा जोडीदार. दोघांना एकाच वर्षी झटका आला होता. सांगलीच्या एकाच दवाखान्यात दोघांच्या काळजात स्प्रिंग बसली होती आणि रक्तातली चरबी उतरवायची गोळीही दोघांना एकच होती. जोतीरामनं वीणा उचलून हातात धरली.

"काळीज दुरुस्त झालं गड्या तुझं. आता मांड्या कुठल्या ग्यारेजात न्यायच्या?"

मंडपात हसू पसरलं.

"त्या गोळीनं दुखतंय रं," कृष्णात खाली बसल्या बसल्याच म्हणाला. "चरबीच्या गोळीनं."

"मला बी तीच गोळी हाय. मी हुबा हाय का न्हाई? फौजेत असतास तर पयल्याच दिशी घरी धाडला असता तुला."

मग वीणा त्यानं आपल्या गळ्यात घातली, आणि त्या दिवसापासून दुपारची पाळी जोतीरामकडं गेली. कुणी ठरवलं नाही, कुणी कृष्णातला विचारलंही नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून पाहिली, अर्धी करून पाहिली, एका दिवसाआड देऊन पाहिली. शेवटी रक्त तपासून म्हणाल्या, "ही गोळी तुमच्या अंगाला मानवत नाही. स्नायूंना इजा होतेय. बहुतेकांना काही होत नाही, पण तुम्हाला होतंय, आणि ते खरं आहे." त्यांनी ती बंद करून वेगळ्या जातीची गोळी लिहून दिली. तिनं तेवढं काम होणार नव्हतं, म्हणून बाकीचं पथ्यानं आणि चालण्यानं सांभाळायचं होतं. तो उठताना त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणाला असं दुखलं, तर मनानं बंद करू नका म्हणावं. इथं यायला सांगा."

'ते खरं आहे,' हे शब्द कृष्णातनं एसटीत कराडपर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवले. पण गावात ते कुणाला ऐकवायचे? जखम दाखवता येत नव्हती, प्लॅस्टर नव्हतं. मांड्यांचं दुखणं महिन्याभरात निवळलं, भीती मात्र उरली. साधी ढेकर अडली तरी त्याचा हात छातीवर जायचा. बायको बनुबाई बिनतेलाची भाजी पुढ्यात ठेवायची, तो मुकाट्यानं भाकरी मोडायचा. लग्नकार्यात भाकरी फडक्यात बांधून न्यायचा. तिथं जोतीराम जिलेबीवर हात मारत असायचाच.

"वाढप्यांनो, कृष्णाच्या पत्रावळीकडं बघू सुदीक नका. बिनगोळीचं गिऱ्हाईक हाय ते. मला वाढा. माझी गोळी हाय राखणीला."

लोक हसायचे. कृष्णातही हसल्यासारखं करायचा आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडायचा. घरी आल्यावर मात्र फडकं इतकं झटकायचा की बनुबाईला वाटायचं, फाटतंय आता.

पुढच्या वर्षीचा सप्ताह बसला. कृष्णात दुपारी मंडपात आला. आल्या आल्या आधी वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, ही तिथली रीत. वीणा जोतीरामच्या गळ्यात होती. कृष्णात वाकला, पायांवर डोकं टेकवलं आणि तसाच क्षणभर थांबला.

कापराच्या तेलाचा वास येत होता. वरवर चोपडलेल्या तेलाचा नव्हे, रोज मुरवलेल्या तेलाचा. मांड्या दुखायच्या तेव्हा असाच वास कृष्णातच्या अंथरुणालाही कित्येक महिने यायचा. त्याच्या कपाळाशी जोतीरामची पोटरी दगडासारखी आवळली होती आणि थरथरत होती.

त्यानं मान वर केली. जोतीरामची बोटं तारेवर होती, ओठांवर नाम होतं. वीणा गळ्यात असताना दुसरं काही बोलायचं नसतं. डोळे तेवढे कृष्णातकडं लागले होते. मग ते कृष्णातच्या हातांकडं वळले आणि तिथंच राहिले. उजवा पाय उचलून जोतीरामनं डाव्यावर भार दिला.

कृष्णात उठला. हात जोडून कपाळाला लावले. मागं सरकत सरकत गेला आणि पहिल्या रांगेत, गेल्या वर्षी जोतीराम बसला होता तिथं, मांडी घालून बसला. आरतीपर्यंत त्यानं जोतीरामच्या पायांवरची नजर काढली नाही. जोतीराम पडला नाही. फौजी माणूस.

"त्येच्या बी मांड्या भरल्यात," रात्री जेवताना कृष्णात बनुबाईला म्हणाला. "कापूर लावतोय. वास आला मला."

बनुबाईचा हात तव्यावर थांबला. "मग सांगा की त्यास्नी. त्या डॉक्टरीणबाईकडं जावा म्हनावं."

"का? त्येला तोंड न्हाई?"

"आवं, असं काय करताय? तुमचा मैतर न्हवं त्यो?"

"हसत हुता तवा कुठं गेलता मैतर?" त्यानं ताट पुढं सारलं. "भाकरी वाढ."

तिनं वाढली. नंतरही एकदोनदा तिनं विषय काढला. तो उठून गोठ्याकडं जायचा.

ऊसतोड चालू होती. जोतीराम फडाच्या कडेला ट्रॉली भरून घेत उभा होता, तिथंच छाती धरून बसला. गाडीत घालून कराडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

माती द्यायला गाव लोटला. परतताना कुणीतरी म्हणालं, "येळच्या येळी गोळ्या घेनारा गेला. बिनगोळीचं बघा, कसं टुकटुकीत हाय." कृष्णात दोन पावलांवर होता. बोलणाऱ्यानं आवाज खाली आणायची तसदी घेतली नाही.

तेरावं झाल्यावर कृष्णात आणि बनुबाई जोतीरामच्या घरी बसायला गेले. जोतीरामची बायको धोंडुबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. पाणी दिल्यावर बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"भाऊजी, तुमास्नी म्हून सांगते. ह्ये गोळी घेतच नव्हते."

कृष्णातनं तांब्या खाली ठेवला.

"तुमच्यावानीच मांड्या पिळायच्या. रोज तेल चोळायचे मी. सप्ता उठला आन् चरबीची गोळी टाकली बंद करून. म्हनलं, डॉक्टरास्नी इचारा तरी. तर म्हनले, त्या कृष्णाला अख्ख्या गावाम्होरं हसलोय मी, आता कंच्या तोंडानं सांगू?"

बनुबाईनं मान खाली घातली.

"सप्त्यात तुमी पाया पडाया आलासा, त्या दिशी घरी येऊन जेवले न्हाईत. म्हनले, वाटलं हुतं आज कृष्णा हात म्होरं करंल." धोंडुबाईनं पदराचं टोक सोडलं. मग अगदी सरळ त्याच्याकडं बघत तिनं विचारलं, "तुमास्नी कळलं हुतं का वो, भाऊजी?"

बाहेर उसाची ट्रॉली गेली. तिचा खडखडाट पार वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

"न्हाई वहिनी," कृष्णात म्हणाला. "कसं कळंल?"

बनुबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग दाराबाहेर.

"व्हय. तुमास्नी कळतं तर तुमी कशाला गप बसला असतासा," धोंडुबाई म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. कोनाड्यातली बाटली काढून तिनं पदरानं पुसली. तेल निम्मं उरलं होतं. "ह्ये न्या. घरात वास येतोय, मला निजू देत न्हाई. तुमास्नी उपेगी पडंल."

कृष्णातनं दोन्ही हात पुढं केले.

एवढीच आहे गोष्ट, माउली. कृष्णात अजून आहे. पथ्य पाळतो, चालतो, वेगळ्या जातीची ती गोळी घेतो. सप्ताहात दुपारच्या पाळीला बोलावलं तरी येत नाही. तुम्ही कधी कुणा वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलंत, तर उठायची घाई करू नका. त्या घडीला आमच्या जोतीराम सुभेदाराची आठवण तेवढी काढा.