दुकानातला वास

दोघी जावा मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या. थोरली कापड बेतायची, धाकटी शिवायची. थोरलीची नजर अशी बसलेली की टेप लावण्याआधीच ती पाठीचं माप सांगायची. धाकटीची जीभ मात्र तिच्या मशीनपेक्षा जोरात चालायची. गिऱ्हाइकं कपड्यांसाठी यायची आणि तिच्या गप्पांसाठी टेकायची.

त्या वर्षी दुकानात वास येऊ लागला. धाकटीला वाटलं, उंदीर मेलाय. तिने चिंध्यांची पोती उपसली, कपाट सरकवलं, फरशी धुतली. मग एक दिवस थोरली शेजारून गेली आणि धाकटीच्या लक्षात आलं, वास जाऊबाईंबरोबर फिरतोय. सरळ विचारायचं सोडून तिने आपली मशीन खिडकीखाली ओढली आणि उजेड कमी पडतो म्हणून सांगितलं.

थोरली हल्ली दिवसातून तीनदा घरी जाऊन यायची. गडद रंगाचेच कपडे घालायची. खुर्चीवर चादरीची घडी टाकून बसायची आणि संध्याकाळी ती घरी न्यायची. धाकटीला सगळं दिसत होतं. दिसूनही तिने केलं काय, तर काजं-बटणं करणाऱ्या बाईपाशी विनोद. "आमच्या जाऊबाईंनी पाण्याशी वैर धरलंय. आता गिऱ्हाइकांना नाकाला लावायला चिमटा द्यावा लागणार."

काजवाली पोट धरून हसली. धाकटीला चेव आला, तिने थोरलीच्या अवघडून चालण्याची नक्कलही केली. वळून बघते तर दारात थोरली उभी, हातात बेतलेल्या कापडांचा गठ्ठा. तिने तो टेबलावर ठेवला, वरचं कापड सारखं केलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. गुडघे दुखतात, असा निरोप आला. तिने ऐकलं नसेल, अशी धाकटीने मनाची समजूत घातली. आठव्या दिवशी एक माप सापडेना म्हणून ती थोरलीच्या घरी गेली. थोरली मोरीत बसून फडकी धूत होती. बादलीतलं पाणी लालसर होतं. पाळी बंद होऊन तिला सहा वर्षं झाली होती.

धाकटी मोरीच्या दारातच थबकली. थोरलीनेच बादली मागे सारली आणि मान खाली घालून म्हणाली, "रोज दोनदा अंघोळ करते गं मी. तरी जात नाही."

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी तिने जाऊबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती, पण रेडिएशनने आणि औषधांनी बरं होण्याची आशा होती. त्रास कधीपासून आहे, असं बाईंनी विचारलं. धाकटीने सांगितलं, आठ महिने. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" 'हो' म्हणताना तिची नजर वर होईना.

उपचारांना ती रोज बरोबर जायची. तिसऱ्या आठवड्यात, बाकावर नंबराची वाट बघताना, तिने कसाबसा तो विषय काढला.

"ऐकलं होतं मी," थोरली म्हणाली. "हसलीस त्याचं एवढं नाही. वास येतो, हे तू त्या बाईला सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

धाकटीने विचारलं, काजवालीला खरं काय ते सांगू का?

"सांग. तुझ्या तोंडाला सवय आहे."

उपचार संपले. गाठ विरली, दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं. थोरली अर्धा दिवस दुकानात येऊ लागली. कामापुरतं बोलायची.

काजवालीला सांगायला धाकटीने थोरली घरी गेल्याची वेळ साधली. आजवर स्वतःला सोडून तिने बोलण्यात कुणालाच सोडलं नव्हतं. या वेळी स्वतःलाही सोडलं नाही. काजवाली सुई तशीच धरून ऐकत राहिली. मग दाराकडे बघून हळूच म्हणाली, "नवरा जवळ आला की मलाही रक्त जातं. दोन वर्षं झाली. ते पण दाखवायचं असतं का?"

धाकटीने मशीनवर झाकण घातलं, दुकानाला कुलूप लावलं आणि तिला घेऊन दवाखान्याकडे निघाली. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही.