लाल टोपणातली साखर

परळीत देवळाच्या वाटेवर आमचं पेढ्यांचं दुकान आहे, आणि पेढ्याची चव बघायचं काम माझ्याकडे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, शुगर निघाली तेव्हापासून त्यांनी स्वतःचा पेढा जिभेला लावलेला नाही. घाणा उतरला की पहिला तुकडा माझ्या हातावर येतो. मी म्हणते, "एक नंबर." ते मान हलवतात. झालं.

श्रावणातल्या सोमवारी सकाळी लॅबमधला पंडितदादा आप्पांचं उपाशीपोटीचं रक्त घ्यायला दुकानातच आला. "राखाडी टोपणाच्या नळ्या संपल्यात, लाल टोपणात घेतो," म्हणाला. रक्त घेऊन निघणार, तर दर्शनाची रांग आमच्या दारापर्यंत आलेली आणि पोलिसांनी रस्ता बंद केलेला. लॅब गावाच्या त्या टोकाला. गाडी निघेना. मग तो आमच्याकडेच पेढे बांधत बसला आणि नळी तिथेच, भट्टीच्या उबेत. गर्दी हलली तेव्हा ऊन उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. शुगर चक्क नॉर्मल! आप्पांनी मोबाइल अख्ख्या गल्लीला दाखवला. "गोळ्या बंद," आईला म्हणाले. "येत्या सोमवारी नैवेद्य दाखवतो अन् पहिला पेढा मीच खातो. रुद्राणी, तुझी नोकरी गेली बघ."

मीही हसले. पण संध्याकाळी ते पाय धूत होते, तेव्हा अंगठ्याची जखम दिसली. आषाढात चप्पल लागून झालेली, अजून ओलीच. तहानही भागत नव्हती, प्यायच्या पाण्याचा तांब्या त्यांच्या हातातून सुटत नव्हता. शुगर उतरली, मग हे का नाही उतरलं?

पेशी ग्लुकोज वापरून जगतात, हे शाळेत शिकवलंय. मला वाटायचं, ते परीक्षेपुरतं असतं. पण नळीतल्या रक्तातही जिवंत पेशीच ना? आता जेवू नका, असं त्या पेशींना कोणी सांगितलं होतं?

पूर्वी मी गप्प बसले असते. गेल्या पंधरा ऑगस्टला शाळेत माइकवर बोलले आणि माझी भीड चेपली. मी सरळ पंडितदादाला गाठलं.

त्याने डोकं खाजवलं. "राखाडीत पेशींचं खाणं थांबवायची पावडर असती. लालमधी न्हाई. लवकर नेलं असतं तर चाललं असतं, पण इतका वेळ, तेबी भट्टीजवळ... मी घाईत तसंच मशीनला लावलं. आप्पांना उद्या लॅबमधीच घेऊन ये."

आप्पांना सांगितलं तर ते आधी हसले. "म्हंजे माझी साखर दुसरंच कुणी खाऊन गेलं म्हण की." मग हसू मावळलं. "चांगला रिपोर्ट तुला कावून बघवंना? पहिल्यांदा वाईट आलता, तवा म्हणालीस का, पुन्हा करू म्हणून?"

"न्हाई म्हणाले," मी म्हटलं. "तवा तुमचा पाय बरा होता."

त्यांनी वाकून अंगठा बघितला. "सकाळी जाऊ," म्हणाले.

लॅबमध्ये या खेपेला राखाडी टोपण. पंडितदादाने नळी हळूच उलटीसुलटी केली आणि आमच्यासमोर आत नेली. आम्ही बाकावर बसलो. वाद घालायला शिकल्यापासून मी चुकावं असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या बाकावर वाटत होतं.

मी चुकले नव्हते. शुगर आधीपेक्षाही चढलेली होती. आप्पांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आम्ही तसेच डॉक्टरांकडे गेलो, पायाला पट्टी करून घेतली, गोळ्या घेतल्या. वाटेत ते एवढंच म्हणाले, "ऊन लई हाय."

दुकानात आल्याबरोबर त्यांनी भट्टी पेटवली. खवा भाजला, पेढे वळले. पहिला तुकडा माझ्या हातावर आला.

"कसा झालाय?"

'एक नंबर' ओठांवर आलंच होतं. ते मी गिळलं आणि पेढा सावकाश चघळला.

"आधी विलायची येती, आप्पा. मग खवा, जरासा रवाळ. टाळूला चिकटत न्हाई. अन् सगळ्यात शेवटी, किंचित करपल्यासारखा वास. पण लागतो चांगला."

ते डोळे मिटून ऐकत होते. तोंड रिकामंच, पण जीभ आत फिरत होती.

"करपल्यासारखा म्हंजे आच जास्त झाली," ते म्हणाले. "अजून एक तुकडा घे. विलायची नीट सांग."